फ्लामेंकोचा पदन्यास इतका अवघड का? आणि कथक येत असेल तर तो सोपा जातो का?

२०११ साली 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' आला आणि 'सेन्योरिता' गाण्यामुळे फ्लामेंको हा शब्द आपल्याकडे घराघरात पोचला. स्पेनच्या आंदालुसिया प्रांतातल्या आलाहार नावाच्या छोट्या गावात ते गाणं चित्रित झालं होतं. तेव्हापासून कथकच्या प्रत्येक क्लासमध्ये कधी ना कधी एक मुलगी ताईंना विचारतेच: "हे पण आपल्यासारखंच आहे ना? पाय आपटायचे, टाळ्या वाजवायच्या?"

उत्तर 'हो' आणि 'नाही' असं दोन्ही आहे, आणि त्यातलं 'नाही' जास्त मजेशीर आहे.

पुण्यात कथकची मुळं खोल आहेत. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली 'नृत्यभारती' सुरू केली. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्या शिकल्या होत्या. मराठी मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने पायात घुंगरू बांधणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. आज निगडी, चिंचवड, भोसरी, मोशी इथल्या कित्येक क्लासच्या ताईंची गुरुपरंपरा शोधत गेलं तर ती रोहिणीताईंच्या शिष्यांपर्यंत जाते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत, या पट्ट्यातल्या मुली देतात. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात म्हणून काही येतात, त्यातल्या काही गुण मिळाल्यावरही टिकतात. ज्या टिकतात, त्यांच्यापैकी एखादीला पुढे फ्लामेंको खुणावतो. त्यात चाकणमध्ये गेस्टॅम्प, सीआयई ऑटोमोटिव्ह यांसारख्या मूळच्या स्पॅनिश कंपन्यांचे कारखाने आहेत, स्पॅनिश भाषा शिकणारी पोरंही आसपास दिसतात. त्यामुळे स्पेन तसा अगदीच परका राहिलेला नाही.

आधी पायात काय चालतं ते बघू

फ्लामेंकोच्या पदन्यासाला 'सापातेआदो' म्हणतात. 'सापातो' म्हणजे बूट. नावातच बूट आहे, आणि इथेच कथकशी पहिली फारकत होते. कथकमध्ये पाय अनवाणी, आवाज घुंगरांचा आणि तळव्याचा. फ्लामेंकोत पायाला बूट, आणि बुटाच्या पुढच्या भागाला व टाचेला खाली छोटे खिळे दाटीवाटीने ठोकलेले. घुंगरू नाहीत. म्हणजे आवाज करायला बूट आणि फळी सोडून दुसरं काहीच नाही.

त्या बुटातून मुख्यतः चार प्रकारचे आघात निघतात. पूर्ण तळवा एकदम आपटला की 'गोल्पे'. टाच उचलून फक्त चवडा मारला की 'प्लांता'. चवडा जमिनीवर ठेवून फक्त टाच मारली की 'ताकोन'. आणि बुटाचं टोक मागे किंवा बाजूला टेकवलं की 'पुंता'. चारही आवाज वेगळे. गोल्पे भरीव, ताकोन खणखणीत, प्लांता जरा दबका.

तबल्यात 'धा' आणि 'तिट' वेगवेगळे वाजावे लागतात, तसंच हे. फरक इतकाच, की तबलजी हे हाताने करतो आणि इथे संपूर्ण शरीराचं वजन त्या पायावर असतं.

आता अवघड कुठे होतं ते बघा. एक साधी मांडणी घ्या: उजवा चवडा, उजवी टाच, डावी टाच. मग उलट: डावा चवडा, डावी टाच, उजवी टाच. तीन-तीनचा गट. कागदावर अगदी सोपं. पण डावी टाच मारायची तर डावा चवडा आधीच जमिनीवर हवा, आणि वजन इतकं मध्यभागी हवं की कुठलाही पाय क्षणात मोकळा करता येईल. वजन एका बाजूला थोडंसं झुकलं, की तिसरा आघात उशिरा पडतो किंवा पडतच नाही. शिकणारीला वाटतं पाय हळू आहेत. खरं तर पाय ठीक असतात, वजन चुकलेलं असतं.

कथकची मुलगी इथे अडखळते ती तिच्या चांगल्या सवयीमुळे. कथकमध्ये अंग सरळ, गुडघे जवळपास सरळ, आणि तत्कारात पाय सपाट पडतो. 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्' करताना उजवा-डावा-उजवा-डावा, मग डावा-उजवा-डावा-उजवा असा क्रम असतो, आणि प्रत्येक वेळी पूर्ण तळवा. वर्षानुवर्षं ताईंनी "वर-खाली होऊ नकोस, सरळ उभी राहा" म्हणून घोकून घेतलेलं असतं. फ्लामेंकोत गुडघे सतत थोडे वाकलेले लागतात, बैठक खाली, घोटा सैल, आणि पोटरी मागे उचलून पाय खाली सोडायचा. कमरेच्या वरचा भाग मात्र दोन्हीकडे स्थिर. वर जणू काही घडतच नाही असं दिसलं पाहिजे. ही शिस्त कथकवालीकडे आधीपासून असते आणि तिथे तिची काही महिन्यांची मेहनत वाचते. गुडघ्यांच्या बाबतीत तिला नवख्या मुलीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो, कारण तिला आधी जुनं सोडायचं असतं.

बाराचं गणित

खरी कसोटी पायात नाही, मोजण्यात आहे.

फ्लामेंकोच्या तालचक्राला 'कोम्पास' म्हणतात. त्यातले बरेच महत्त्वाचे प्रकार, म्हणजे सोलेआ, बुलेरिआ, आलेग्रिआस, बारा मात्रांचे आहेत. बारा म्हटल्यावर आपल्याला लगेच एकताल आठवतो. एकतालात दोन-दोनचे सहा समान विभाग असतात. सोलेआत जोर पडतो ३, ६, ८, १० आणि १२ वर. म्हणजे अंतरं धरली तर ३, ३, २, २, २. सम विभागणी नाहीच.

हे कळायला एक देशी युक्ती आहे. बोल म्हणून बघा:

तकिट तकिट तक तक तक.

तीन, तीन, दोन, दोन, दोन. प्रत्येक 'त' वर टाळी द्या. चार-पाच वेळा न थांबता म्हटलंत की तो डोलणारा, जरा लंगडत चालल्यासारखा ठेका जाणवायला लागेल. मोबाइल बाजूला ठेवून आत्ता करून बघायला हरकत नाही, दोन मिनिटांचं काम आहे.

आता यातली मेख. या बोलातला पहिला 'त' म्हणजे एक नव्हे, तो बारा आहे. म्हणजे मोजणी अशी: बारा-एक-दोन, तीन-चार-पाच, सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा. 'एक' या आकड्यावर जोरच नाही. आपल्या कानाला लहानपणापासून सवय असते ती पहिल्या मात्रेवर सम असण्याची. सगळा तुकडा, सगळी तिहाई, सगळा श्वास समेवर येऊन थांबतो आणि प्रेक्षक मान डोलावतात. फ्लामेंकोत वाक्य बहुतेकदा दहाव्या मात्रेवर संपतं. अकरा आणि बारा मोकळ्या राहतात, टाळ्यांना किंवा श्वासाला. कथकची विद्यार्थिनी तिहाई बरोबर मोजते आणि नको तिथे संपवते. तिच्या दृष्टीने ती समेवर आलेली असते. गिटारवाल्याच्या दृष्टीने ती दोन मात्रा उशिरा पोचलेली असते.

वेग बघा. बुलेरिआ मिनिटाला दोनशे मात्रांच्या आसपास सहज जातो. म्हणजे एक मात्रा ०.३ सेकंदाची आणि बारा मात्रांचं अख्खं चक्र ३.६ सेकंदांत संपतं. एका मात्रेत दोन आघात केले तरी सेकंदाला साडेसहाच्या वर आघात. त्या वेगात "आता आठ आली" असं मनात म्हणायला वेळच नसतो. म्हणून मोजणी डोक्यातून शरीरात उतरवावी लागते, आणि त्यासाठी फ्लामेंकोत आधी पाय शिकवण्याऐवजी टाळी शिकवणारे गुरू बरेच आहेत. टाळ्यांना 'पाल्मास' म्हणतात. ओंजळीसारख्या पोकळ हातांनी दबका आवाज, आणि बोटं तळव्यावर मारून खणखणीत आवाज. आपल्याकडे पढंत आहे, तसंच हे काम. तोंडाने बोल आणि हाताने ताल धरता आला नाही तर पायात तो येणार नाही, हे कथकच्या ताईही सांगतात.

आणखी एक गोष्ट नवखीला उशिरा कळते. फ्लामेंकोत नर्तकी संगीताच्या मागे जात नाही, ती संगीत चालवते. ठरावीक पदन्यास करून ती गिटारवाल्याला आणि गायकाला खूण देते: आता थांब, आता गा, आता वेग वाढव. या हाकेला 'यामादा' म्हणतात. लावणीत ढोलकीवाला आणि नाचणारी एकमेकांकडे बघून जो खेळ करतात तो आठवा. चाकणवरून नाशिक रस्त्याने पुढे गेलं की नारायणगाव लागतं, तमाशाची पंढरी, विठाबाईंचं गाव. तिथल्या फडातल्या कुणालाही यामादा समजावून सांगावा लागणार नाही.

मग फ्लामेंको कथकमधूनच निघाला, हे खरं का?

हा दावा सोशल मीडियावर दर काही महिन्यांनी फिरतो. सोबत एका बाजूला घुंगरू आणि दुसऱ्या बाजूला लाल झालर असलेला फोटो. गोष्ट अर्धी खरी आहे, त्यामुळे ती जास्त टिकते.

खरा भाग असा: फ्लामेंको घडवण्यात स्पेनच्या रोमा, म्हणजे जिप्सी समाजाचा फार मोठा वाटा आहे, आणि रोमांचे पूर्वज उत्तर भारतातून गेले हे भाषेच्या अभ्यासातून पक्कं झालेलं आहे. रोमानी भाषेत पाण्याला 'पानी'च म्हणतात. आकडे येक, दुय, त्रिन असे जातात. हे लोक साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले आणि स्पेनमध्ये त्यांची पहिली लेखी नोंद १४२५ सालची आहे.

आता तारखा जुळवा. आज आपण बघतो ते कथक, म्हणजे लखनौ आणि जयपूरच्या दरबारांत घडलेलं, तोडे-तुकडे-चक्कर असलेलं, मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं आहे. फ्लामेंको आंदालुसियात आकाराला आला तोही अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकात. त्यात रोमांबरोबर अरबी, ज्यू आणि स्थानिक आंदालुसियन लोकसंगीत मिसळलं. हजार वर्षांपूर्वी निघालेल्या माणसांनी दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी घडलेलं नृत्य सोबत नेलं, हे शक्य नाही. दूरचं नातं मान्य करता येईल, पण मायलेकीचं नातं नाही. ताब्लाओचंही तसंच. फ्लामेंको जिथे चालतो त्या जागेला 'ताब्लाओ' म्हणतात आणि ऐकलं की 'तबला' आठवतो. पण स्पॅनिश 'ताब्ला' म्हणजे लाकडी फळी, लॅटिनमधून आलेला शब्द. आपला तबला अरबी 'तब्ल' वरून.

नातं रक्ताचं नसलं तरी गप्पा जमतात. कथकचे पंडित चित्रेश दास यांनी फ्लामेंको नर्तक आंतोनियो इदाल्गो पास यांच्यासोबत कार्यक्रम केले. कथकमध्ये तयार झालेला अक्रम खान आणि सेव्हियाचा इस्राएल गाल्वान यांनी २०१४ मध्ये 'तोरोबाका' केलं. त्यात दोघांपैकी कुणीही दुसऱ्याची नक्कल करत बसत नाही, आणि म्हणूनच ते बघण्यासारखं आहे.

पायांच्या बाबतीत एक नाव मात्र घ्यायलाच हवं, कार्मेन आमाया. बार्सिलोनाच्या समुद्रकिनाऱ्यावर सोमोरोस्त्रो नावाची झोपडवस्ती होती, तिथे ही रोमा मुलगी वाढली. तिच्या आधी बायकांचा फ्लामेंको मुख्यतः हात, पाठ आणि झोकाचा मानला जायचा, दणदणीत पदन्यास पुरुषांचा. कार्मेन पँट घालून उभी राहिली आणि तिने पुरुषांना मागे टाकणारे पाय मारले. १९६३ मध्ये ती वारली. आज विद्यार्थिनींना सापातेआदो घाम गाळून शिकावा लागतो, त्यात तिचा हात, खरं तर पाय, आहे.

फ्लॅटमध्ये सराव कसा करायचा?

इथे येऊन स्पेन संपतं आणि पिंपरी-चिंचवड सुरू होतं.

समजा, चिखलीतल्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर एक मुलगी राहते. खाली तिसऱ्या मजल्यावर चाकणला कामाला जाणारा माणूस. त्याची या आठवड्यात थर्ड शिफ्ट आहे. सकाळी कंपनीच्या बसने घरी येतो, जेवतो आणि झोपतो. मुलगी दुपारी कॉलेजमधून येते आणि खिळ्यांचे बूट चढवते. पुढे काय होतं ते सांगायला नको.

यात कुणी वाईट नाही. आवाजाचा स्वभावच तसा आहे. गाणं मोठ्याने लावलं तर आवाज हवेतून जातो, भिंत आणि दार त्याला बऱ्यापैकी अडवतात. पाय आपटला की हादरा थेट स्लॅबमध्ये शिरतो आणि स्लॅब स्वतःच ढोलासारखा वाजतो. खिडक्या बंद करून काही उपयोग नाही. शिवाय स्लॅबवर टाइल्स. खिळ्यांचा बूट टाइलवर घसरतो, टाइलला चरे पडतात आणि टाच नीट बसली नाही तर घोटा मुरगळतो.

यावर सगळीकडे चालणारा उपाय म्हणजे फळी. प्लायवूडचा पूर्ण शीट आठ बाय चार फुटांचा मिळतो. अर्धा कापून घेतला की चार बाय चारचा तुकडा, सरावाला पुरेसा. जाडी १८ मिलिमीटर असली तर तो वाकत नाही. वजन साधारण सोळा किलो भरतं, म्हणजे सराव झाल्यावर उचलून भिंतीला लावता येतो. फळीखाली रबराची जाड मॅट किंवा दाट फोम. नुसती फळी टाइलवर ठेवली तर आवाज कमी होण्याऐवजी वाढतो, हे लक्षात ठेवलं पाहिजे. खालचं मऊ थर हेच खरं औषध आहे, आणि ते पायांसाठीही आहे.

कारण काँक्रीट काही परत देत नाही. लाकडी मंच थोडा दबतो आणि हादरा वाटून घेतो, स्लॅब तो सगळा नडगीला परत पाठवतो. टाचेचा बूट वजन पुढे चवड्यावर ढकलतो, त्यामुळे चवड्याच्या हाडांवर ताण वाढतो. नडगी, टाच, गुडघे हे दुखायला लागण्याचे ठरलेले पत्ते. स्नायू भरून येणं वेगळं, ते एक-दोन दिवसांत जातं. हाडावर एका ठिकाणी बोट ठेवता येईल अशी दुखरी जागा असेल, विश्रांतीतही दुखत असेल, तर सराव थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे जावं. वाढीच्या वयातल्या मुलींच्या बाबतीत तर "थोडं सहन कर" हा सल्ला कुणाचाही ऐकू नये, अगदी ताईंचाही.

पाल्मास, पढंत, अनवाणी वजनबदल आणि हातांचं काम यांना फळी लागत नाही, शेजाऱ्याची परवानगीही लागत नाही. आठवड्याचा मोठा भाग यातच घालवता येतो. खिळ्यांचे बूट रोज घालायची सुरुवातीला गरजही नसते.

ऑनलाइन शिकता येईल का?

फ्लामेंकोचा गुरू कोपऱ्यावर मिळत नाही, म्हणून बहुतेकजणी व्हिडिओकडे वळतात. एक अडचण आधी समजून घ्यावी. व्हिडिओ कॉलवर आवाज पोचायला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. सेकंदाला आठ आघात असतील तर दोन आघातांतलं अंतरच १२५ मिलिसेकंद. म्हणजे गुरू ऐकतात तेव्हा शिष्या किमान एक आघात पुढे गेलेली असते. दोघांनी मिळून टाळी धरणं या पद्धतीत होऊच शकत नाही. म्हणून त्यातले समजूतदार शिक्षक थेट एकत्र नाचायला लावत नाहीत. ते तुकडा देतात, शिष्येकडून रेकॉर्डिंग मागवतात आणि त्यावर बोलतात.

रेकॉर्डिंगबद्दल एक गोष्ट इन्स्टाग्रामवाल्यांना आवडणार नाही: चित्र नको, फक्त आवाज रेकॉर्ड करा. रीलमध्ये वरून गाणं चढवलेलं असतं, पाय ऐकूच येत नाहीत, आणि ओढणी छान उडाली की सगळं छान वाटतं. नुसता आवाज ऐकला की तीन आघातांपैकी तिसरा दबलाय, डावी टाच कायम उशिरा येतेय, वेग वाढवताना दहाव्या मात्रेनंतर घाई होतेय, हे लपत नाही. मेट्रोनोमचं ॲप लावून साठच्या लयीत सुरू करावं, स्वच्छ वाजलं तरच चारने वाढवावं. एका दमात दोन तास मारण्यापेक्षा रोजची वीस-पंचवीस मिनिटं जास्त कामाला येतात, कारण हालचालीची सवय दोन सरावांच्या मधल्या वेळात, विशेषतः झोपेत, पक्की होते. काल रात्री जमत नव्हतं ते आज सकाळी अचानक जमलं, हा अनुभव तत्कार शिकलेल्या प्रत्येकीला असतोच.

पहिल्या वर्षात किती येतं? रोज सराव असेल तर चारही आघात वेगवेगळे ऐकू येणं, सोलेआचं चक्र न चुकता टाळीवर धरणं आणि एखादा छोटा तुकडा संथ लयीत दहावर आणून सोडणं. बुलेरिआचा वेग त्यानंतरची गोष्ट. आणि फळीवरचा सराव कधी करायचा, ते खालच्या मजल्यावर शिफ्ट कधी बदलते ते विचारून ठरवावं. सेकंड शिफ्टचा आठवडा असेल तर संध्याकाळी पाच ते सात ही वेळ उत्तम, घरी कुणी नसतं.